जड माल तळाला

त्या साली अख्खा तालुका पाण्यासाठी डोळे लावून बसला होता, आणि कासम पंपवाला मनातल्या मनात म्हणत होता, अजून थोडे दिवस नको. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर गावानं त्याला नदीत पुरला असता, कारण बुडवायला नदीत पाणी नव्हतं.

चकलांब्याहून गोदावरीकडं निघालं की जी लहान गावं लागतात त्यातल्या एका गावची ही गोष्ट. गावाची उपसा सिंचन सहकारी संस्था होती. संस्था म्हणजे नदीच्या काठाला एक जॅकवेल, तिच्यावर पंपघर, आणि तिथून टेकाडावरच्या हौदापर्यंत गेलेला लोखंडी पाईप. जॅकवेल म्हणजे सिमेंटची गोल, खोल विहीर. तिला स्वतःचे झरे नसतात. नदीच्या पात्रातून एक आडवा पाईप तिच्या तळाशी येतो. नदीला पाणी असलं तर हिच्यात असतं, नसलं तर ही कोरडी. दोन वर्षं ती कोरडी होती. आत उतरायला लोखंडी शिडी, आणि शिडीच्या बाजूला तीन ठिकाणी फळीसारखे सपाट जाळीचे कठडे, माणसाला उभं राहून नटबोल्ट आवळता यावेत म्हणून. त्या तीन कठड्यांवर कासमची पुस्तकं होती.

कासम मुळात भित्रा माणूस. लहानपणी त्याची आई, रहिमाबी, सांगायची की भर दुपारी विहिरीत वाकून बघू नये. खाली जिन्न असतो, तो नाव विचारतो, आणि नाव सांगितलं की माणूस वर राहतो आणि त्याची सावली खाली. ते त्यानं इतकं मनावर घेतलं होतं की पुढं विहिरीवरच नोकरी लागली तरी सुरुवातीला तो तळाकडं न बघता उतरायचा. स्टार्टरचं हँडल ओढताना शॉकच्या भीतीनं लाकडी फळीवर उभा राहून तोंड फिरवून घ्यायचा. चेअरमनची जीप वाजली की तो हातातलं काम टाकून उभा राहायचा, चूक केलेली असो वा नसो. त्याची बायको सईदा म्हणायची, "तुमाला भ्यायला कारण लागत न्हाई. कारण मागून येतंय."

एका जागी मात्र उलटं होतं. तिथं तो दुसऱ्यांना भेवडावायचा.

पुण्यात पंपाच्या कारखान्यात शिकाऊ असताना तो मावसभाऊ अजीजच्या रद्दीच्या दुकानाच्या माळ्यावर झोपायचा. एकदा कुठल्याशा परदेशी साहेबाच्या बंगल्यातली रद्दी आली. त्यात एक जाडजूड पुठ्ठ्याचं पुस्तक होतं. वर पाण्यातून अर्धं बाहेर आलेलं जनावर: डोकं बैलाचं, मान सापाची, डोळे लाल. कासमनं ते भीत भीतच उघडलं, तर आत तक्ते. आकडे, आकृत्या, बाण. कुठला अवयव कुठं बसतो, किती जोर लावला की काय तुटतं. पंपाबरोबर खोक्यात येणारं पुस्तक असंच असतं, आणि इंग्रजी त्याला तेवढ्यापुरतंच येत होतं. हेही एक यंत्रच होतं, फक्त त्यात लोखंड नव्हतं.

ते यंत्र चालतं कसं हे कळायला त्याला वर्ष लागलं. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी चोर, कुणी लढवय्या, कुणी हकीम. सांगणारा म्हणतो, समोर अंधारी गुहा आहे, काय करता? ज्याचं त्यानं ठरवायचं. ते जमलं का फसलं हे वीस बाजूंच्या फाशावर. आणि राक्षस समोर आला की आधी भीतीचा फासा टाकायचा. आकडा कमी पडला की तुमचा माणूस पाय लावून पळतो, मग तुम्ही घरी कितीही शूर असा.

अजीज तसली पुस्तकं बाजूला काढून ठेवायला लागला. "तुझे राक्षस आलेत," असा निरोप यायचा, आणि कासम एस्टीनं जाऊन पिशवी घेऊन यायचा. लाईट नसली की पंपघरात खेळ मांडायचा. सईदा हकीम व्हायची. सटवा, संस्थेचा व्हॉल्व्हमन, दारातून वाकून आत येणारा दांडगा गडी, तो चोर. गोष्ट सांगताना कासमचा आवाज आपोआप खाली जायचा आणि शब्दाशब्दात अंतर पडायचं. एकदा तो नुसता म्हणाला, "दाराच्या मागं कुणीतरी श्वास घेतंय," तर सटवानं उठून पंपघराचं खरं दार लावून घेतलं.

जी भीती आयुष्यभर कासमच्या अंगात नुसतीच ओलीसारखी पसरलेली असायची, ती ह्या पुस्तकांत रांगेत उभी होती. प्रत्येकीला पान नंबर. केवढी मोठी, किती जोराची, कशाला घाबरते, कशानं मरते. म्हणून तो पुस्तकांना जपायचा.

दुष्काळ पडला आणि त्याचं दीड खोलीचं घर पाण्यानं भरून गेलं. हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. टँकर आला की पिंप, हंडे, कळश्या, रंगाचे डबे, हाताला लागेल ते भरून ठेवायचं. नदीला थेंब नसतो आणि घरात पाय टाकायला जागा नसते. पिंपांनी भिंत ओली राहायला लागली आणि शिवारातली तहानलेली वाळवी त्या ओलीच्या मागावर घरात आली. एक दिवस त्यानं फळीवरून नकाशांचं पुस्तक उचललं तर हातात नुसता पुठ्ठा आला. आत माती होती.

"पुस्तकं ठेवा नायतर पानी ठेवा," सईदा म्हणाली. "दोन्ही एका घरात ऱ्हायचं न्हाई."

तेव्हा त्याला जॅकवेल सुचली. आत सगळं सिमेंट, कोरडं ठाक, थंड. चावी त्याच्याच कमरेला. संस्थेला विचारायला हवं होतं. विचारायचीही भीती वाटत होती आणि न विचारल्याचीही. त्यातली दुसरी त्याला सोसवली.

पुढचे दोन उन्हाळे तो रोज उतरून पुस्तकं लावत बसला. आधी नावावरून लावली. मग उंचीवरून. मग एकेका खेळाचं एकेक कुटुंब करून: नियमांचं जाड पुस्तक, त्याच्या शेजारी राक्षसांचं, मग देशांचं आणि शहरांचं, आणि शेवटी पातळ चोपडी, जिच्यात एकेक गोष्ट तयार असते. पण ह्या खेळातला राक्षस त्या खेळात उसना न्यायची कासमला खोड होती, त्यामुळं कुटुंबं टिकेनात. एका घरचा राक्षस सारखा दुसऱ्या घरी मुक्कामाला. शेवटी त्यानं लावली ती पंपवाल्यासारखी. शिकाऊ असताना बोटांवर पट्टी बसून बसून एक रीत त्याच्या अंगात मुरली होती, की जड माल तळाला. वर ठेवलेलं जड कधीतरी कुणाच्या डोक्यात पडतं.

तर जाड पुठ्ठ्याची, नियमांची आणि राक्षसांची पुस्तकं सगळ्यात खालच्या कठड्यावर, काही युरियाच्या रिकाम्या गोण्यांत, काही पत्र्याच्या पेटीत. मधल्यावर देश आणि नकाशे. वरच्यावर पातळ चोपडी. ह्याला अर्थही होता. खालची नसतील तर वरची उभी राहत नाहीत. पाया खालीच हवा. शिडीनं उतरताना माणूस गोष्टीकडून देशाकडं आणि देशाकडून राक्षसाकडं जायचा, आणि तळाशी बॅटरीच्या उजेडात ते पहिलं, लाल डोळ्यांचं पुस्तक वाट बघत असायचं. कासमला वाटलं, ह्याहून नीट लावणी होऊच शकत नाही.

पाणी विहिरीत खालून चढतं, हे ज्याला झोपेतही माहीत असायला हवं, तोच माणूस हे विसरला होता. आठवलं तेव्हा सगळं लावून झालं होतं. ते सगळं उचलून परत नेणार कुठं? घरात वाळवी होती. मग तो रोज म्हणायला लागला, अजून थोडे दिवस नको. आणि म्हटलं की भ्यायचा, कारण त्याचं ऐकून कुणीतरी खरंच पाणी अडवून धरलंय असं त्याला वाटायचं.

एका दुपारी जीप वाजली. चेअरमन विठ्ठलराव उतरले. नदीकाठची निम्मी जमीन त्यांची, आणि संस्था निघाल्यापासून खुर्चीही त्यांचीच.

"कासमभाई, वरच्या धरणातून पिण्यासाठी पाणी सोडलंय. परवा सकाळच्याला आपल्याला लागंल. एकदाच सोडणार हायत, आलं तसं म्होरं निघून जाईल. तेवढ्यात जेवढं वढता येईल तेवढं हौदात घ्यायचं. मोटार तयार हाय का?"

"हाय, साहेब."

"घाम कावून आलाय?"

"ऊन हाय, साहेब."

"सावलीत हायस की तू."

विठ्ठलराव पंपघरात शिरले आणि जॅकवेलचं लोखंडी झाकण उचलून त्यांनी आत बॅटरी मारली. "बघू दे, खाली साफसूफ हाय का."

आदल्या दिवशी कासमनं लाल डोळ्यांचं पुस्तक पेटीवर उताणं ठेवलं होतं. गुळगुळीत पुठ्ठा. बॅटरीचा उजेड खोल गेला आणि तळाच्या अंधारात दोन लाल डोळे चमकले.

विठ्ठलराव मागं सरकले. "खाली काय हाय?"

खरं सांगायची वेळ तीच होती. पण तोंडातून निघालं, "घुबड असंल, साहेब."

"घुबडाचे डोळे लाल असत्यात व्हय? आन शिंगं?"

कासमला पळायला जागा नव्हती, आणि पळायला जागा नसली की त्याच्या तोंडी एकच आवाज यायचा, खेळातला. तो त्यानं मुद्दाम काढला नाही. तो आपसूक खाली गेला, आणि शब्दाशब्दात अंतर पडलं. "भर दुपारचं वाकू ने म्हणतेत, साहेब. खाली जे असतंय... ते नाव विचारतंय."

विठ्ठलरावांनी बॅटरी विझवली. मग त्यांनी झाकण धाडकन लावलं, ड्रायव्हरला हाक मारून जीपमधलं मोठं कुलूप मागवलं, स्वतः लावलं आणि चावी खिशात टाकली.

"पाणी येईस्तवर कुणी उतरायचं न्हाई. माणूस दगावला तर संस्थेवर येतंय. पाणी आलं की जे असंल ते बुडंल आपोआप."

जीप गेली. कासम झाकणाजवळ उकिडवा बसून राहिला. त्याला आता सगळं दिसत होतं. पाणी येणार, तळाचा कठडा आधी बुडणार. गोण्या भिजणार, पुठ्ठे सुटणार, पानांचा लगदा होणार. पंपाच्या बुडाला भोकाभोकांची गाळणी असते. मोटार सुरू झाली की ती तळातलं सगळं आपल्याकडं ओढते. भिजलेला कागद तिच्यावर कातड्यासारखा बसणार, पंप कोरडा फिरणार, मोटार जळणार. आणि नदीतलं पाणी गावासमोरून निघून जाणार. पुस्तकं जाणार होतीच. पण त्याची पुस्तकं सगळ्या गावाचं पाणी घेऊन जाणार होती, आणि मधे एक कुलूप होतं, जे त्यानंच तोंडानं लावलं होतं.

"आत्ता जावा आन सांगा," सईदा म्हणाली.

"उद्या सांगतो."

"उद्या तुमी परवा म्हणताल. परवा पानी हाय."

दुसऱ्या दिवशी तो विठ्ठलरावांच्या दारात जाऊन आला. ते जेवत होते, म्हणून फिरला. पुन्हा गेला तेव्हा ओसरीवर माणसं होती, म्हणून फिरला. वाटेत सटवा भेटला.

"कासम्या, जॅकवेलीत हाडळ हाय म्हणं बे. विठ्ठलरावानं स्वता बघितली. बैलाचं डोकं हाय तिला."

"हाडळीला बैलाचं डोकं नसतंय."

"तुला काय म्हाईत?" सटवा हसला, आणि हसता हसता थांबला. त्या जनावरासमोर त्याचा चोर तीनदा पळाला होता. "बैलाचं डोकं. लाल डोळे. कासम्या, हे तर आपलं हाय." तो जवळ आला. "पुस्तकं तिथं ठिवलीस व्हय बे? जॅकवेलीत?"

कासमनं मान हलवली.

"आन गाळणी?"

कासमनं पुन्हा मान हलवली.

"कुलूप तोडू," सटवा म्हणाला.

"चेअरमनचं कुलूप?" कासमनं मागं वळून बघितलं.

"मग सांग जाऊन."

"तू सांग."

"मी सांगितलं तर म्हणतेल दोघं मिळून संस्थेला बुडवाय निघालेत. तुजे राक्षस हायत, तूच सांग."

तिसऱ्या दिवशी उजाडताच बायका हंडे घेऊन पंपघराच्या अंगणात येऊन बसल्या. पहिली धार तिथल्या तोटीला येते हे सगळ्यांना माहीत. नदीचं पात्र अजून पांढरं होतं, पण मधल्या चरात पाण्याची रेघ आली होती आणि लांब वरच्या अंगाला बगळे उतरले होते. कासम पंपघरात गेला आणि झाकणाच्या फटीला त्यानं कान लावला.

आतून गार वारा येत होता. थांबून थांबून, एका लयीत. नदीकडच्या पाईपमधून पाणी पुढं सरकत होतं आणि दोन वर्षांची कोंडलेली हवा पुढं ढकलत होतं. हे सगळं त्याला कळत होतं. तरी त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले, कारण दाराच्या मागं खरंच कुणीतरी श्वास घेत होतं.

बाहेर जीप थांबली. विठ्ठलराव पाण्याची पूजा करायला आले होते. ताटात नारळ, हळदकुंकू, हार. कुलपाची चावी त्यांनी त्या ताटातच ठेवली होती, देवासमोर ठेवावी तशी. कासम दारात उभा. खेळ असता तर आत्ता फासा टाकायचा होता. हात खिशात गेला, फासा बोटांना लागला, त्याचे कोपरे टोचले. त्यानं तो तसाच राहू दिला.

"साहेब," तो म्हणाला, "खाली हाडळ न्हाई. पुस्तकं हायत. माझी."

"काय हायत?"

"पुस्तकं. राक्षसांची. तुमाला दिसलं ते वरचं चित्र होतं. गोणीभर हायत, गोण्याभर हायत. ती भिजली की गाळणी धरंल. मोटार जळंल. आधी काढाय लागतेल."

कुणीतरी बाई हसली. मग आणखी एक. विठ्ठलराव हसले नाहीत. त्यांचा चेहरा आधी कोरा होता, मग काळा पडत गेला. दोन दिवस गावानं त्यांच्या तोंडून हाडळीचं वर्णन ऐकलं होतं.

"म्हंजी मी चित्राला भ्यालो," ते हळू म्हणाले.

कासम म्हणाला, "मी बी भेतो, साहेब. रोज भेतो त्याला. म्हणून तर इतकं खाली ठिवलं."

मुक्ताबाई, जी सगळ्यात आधी येऊन बसली होती, हंड्यावर हात ठेवून म्हणाली, "मालक, त्याला मारायचं तर मागून मारा. त्याचं तोंड कुठं पळून चाललंय? पानी पळून चाललंय."

विठ्ठलरावांनी ताटातली चावी उचलली आणि कासमच्या अंगावर फेकली. तिला कुंकू लागलेलं होतं.

झाकण उघडलं. वरच्या दोन कठड्यांपाशी थांबायला त्याला वेळ नव्हता. ज्यांच्याकडं बघत उतरायची त्याला सवय होती ती सगळी पुस्तकं बाजूनं वर निघून गेली. तळाचा कठडा बुडालेला होता. पाणी काळं होतं, त्यावर गवत आणि फेस. तो उतरला तर पाणी छातीला आलं, गार, आणि वाढत होतं.

वर शिडीवर सटवा, त्याच्यावर सईदा पदर खोचून, तिच्यावर बाया. हातातून हातात. एरवी ज्या रांगेनं हंडे जायचे त्या रांगेनं गोण्या निघाल्या. कासमनं वरची कोरडी पुस्तकं आधी काढायची नाहीत हे शिडीवर पाय ठेवतानाच ठरवलं होतं. कोरडी कितीही लाडकी असली तरी ती गाळणी धरत नाहीत. आधी काढायची ती भिजलेली, वाया गेलेली, हातात घेताच कणकेसारखी दबणारी. जे वाचण्यासारखं होतं ते तसंच ठेवून तो मेलेलं वर देत राहिला.

"हे काय गं, डुकराला पंख?" वरून कुणाचा तरी आवाज आला.

"बघत बसू नगंस, म्होरं दे."

गोण्या संपल्या. पेटी उघडी पडलेली होती. त्यातली पुस्तकं त्यानं चाचपून काढली. प्रत्येक पुस्तकाचा जाडपणा त्याच्या हाताला ओळखीचा होता. कुठलं कुठल्याच्या शेजारी ते अंधारातही कळत होतं. हीच ती लावणी. पेटी रिकामी झाली आणि त्याचा हात तिच्या झाकणावर थांबला, जिथं ते लाल डोळ्यांचं उताणं ठेवलेलं होतं. तिथं काही नव्हतं.

"झालं का?" वरून विठ्ठलराव ओरडले. "लाईट आलीय. पाणी म्होरं चाललंय नदीला. सुरू करू का?"

"थांबा, साहेब. एक ऱ्हायलंय."

"एका पुस्तकानं काय होतंय?"

ते पुस्तक एकटंच गाळणीएवढं होतं. पाणी आता त्याच्या हनुवटीला लागत होतं. गाळणी तळातल्या खड्ड्यात असते, तिथं जायचं तर डोकं बुडवायलाच लागतं. आईनं सांगितलेलं ते तिथं होतं. त्याला खरंच वाटत होतं की आता कुणीतरी त्याचं नाव विचारेल, आणि तो सांगेल, कारण विचारलं की सांगायची त्याची सवय होती.

"अजी," वरून सईदा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "मी उतरू का?"

तो बुडाला.

खाली काहीच दिसत नव्हतं. कानात रक्ताचा आवाज. हात पंपाच्या दांड्यावरून घसरत खड्ड्यात गेला, आणि गाळणीला लागला, आणि गाळणीवर काहीतरी मऊ होतं. चेहऱ्यासारखं. त्यानं ओरडायला तोंड उघडलं आणि पाणी आत गेलं. तरी बोटं सुटली नाहीत. पाईपमधून आत येणाऱ्या ओढीनं ते पुस्तक गाळणीच्या भोकांवर उघडून चिकटलं होतं, पानं दोन्हीकडं पसरलेली. त्यानं ते ओढलं. पुठ्ठा सुटला. मग पानं सोलायला लागला, ओरबाडायला लागला, मूठ मूठ काढून सदऱ्यात कोंबायला लागला. श्वास संपला तेव्हा वर आला, खोकला, पुन्हा गेला. पुन्हा. कितीदा ते त्याला सांगता आलं नसतं. शेवटी गाळणीची भोकं बोटांना उघडी लागली, एकेक, थंड.

सटवानं त्याला दंडाला धरून वर ओढला.

स्टार्टरचं हँडल त्यानं स्वतः ओढलं. फळीवर उभा राहायला विसरला होता, अंगातून पाणी गळत होतं. सटवानं फळी पायाखाली सरकवली. मोटार घुरघुरली, पंप रिकामा खाकरला, आणि मग पाईपमधून तो जड आवाज निघाला जो दोन वर्षांत कुणी ऐकला नव्हता. अंगणातल्या तोटीला आधी हवा आली, मग माती, मग पाणी. नुसते हंडे सरकत होते.

कासम पंपाच्या अंगाला कान लावून बसला होता. संध्याकाळी लाईट गेली तरी त्यानं कान काढला नाही.

दुसऱ्या दिवशी पंपघराच्या उतारावर पुस्तकं वाळत घातली होती. वरच्या दोन कठड्यांवरची, पाणी तिथवर चढायच्या आत काढली होती. बाभळीच्या काटक्यांना पानं टोचलेली, पुठ्ठ्यांवर दगड. पाण्याला आलेल्या बाया जाता जाता पानं उलटून जायच्या, चिकटू नयेत म्हणून, आणि उलटता उलटता बघायच्या. "हे आमच्या दिरावानी हाय," मुक्ताबाई एका राक्षसाला म्हणाली. लावणी म्हणून आता काही उरली नव्हती. जे आधी वाळलं ते आधी गोळा झालं. विठ्ठलराव कासमशी बोलत नव्हते, आणि त्याला काढतही नव्हते. जीप वाजली की आता भ्यायला कारण होतं.

सदऱ्यातून निघालेल्या लगद्यातली जेवढी पानं सुटी करता आली तेवढी त्यानं सुटी करून वाळवली आणि पान नंबर बघत एकावर एक ठेवली. बरीच नव्हती. जी नव्हती ती गाळणीतून आत गेली होती, पंपातून हौदात, हौदातून नळांना. आणि मुखपृष्ठावरच्या त्या बैलाच्या डोक्याच्या जनावराचं आतलं पानही नव्हतं. इतक्या वर्षांत त्यानं ते किती वेळा वाचलं होतं. केवढं मोठं ते त्याला आठवत होतं. किती जोराचं तेही आठवत होतं. कशानं मरतं ते आठवेना.

सईदा ओढणी दुमडून पाणी गाळत होती. ती थांबली, ओढणीवरून नखानं काहीतरी उचललं आणि त्याच्यापुढं धरलं. बोटाच्या पेराएवढा लगदा. त्यावर लाल रंगाचा ठिपका.

"हे तुमचंच का?"

त्यानं ते तिच्या बोटावरून घेतलं नाही. "ह्या हंड्यातलं प्यालीस का तू?" त्यानं विचारलं.

"सकाळधरनं समदं गावच पितंय," सईदा म्हणाली, आणि ओढणी झटकून पुन्हा हंड्याच्या तोंडाला लावली.